ओथोच्या जागी बटण

माद्रिद, ४ नोव्हेंबर

प्रिय बाल्दोमेरो,

तुमची तब्येत बरी असेल आणि सेगोव्हियाच्या थंडीत गुडघा फार छळत नसेल, अशी आशा करते. मी ठीक आहे. सर्व संतांच्या दिवशी दफनभूमीत जाऊन लेआंद्रोला शेवंती ठेवून आले. शेजारच्या थडग्यावर आमच्यापेक्षा मोठा गुच्छ होता. ते काही त्याला खपलं नसतं, म्हणून मी आमची फुलं जरा पसरून मांडली.

तुमचं पाकीट पोचलं. आत चिठ्ठी नाही, नुसती कागदाची पुडी. तरी उघडण्याआधीच मला कळलं, आत कोण आहे ते. ओथो. नाण्यावरचा तो रोमन सम्राट, डोक्यावर केसांचा टोप घालून तीन महिने राज्य करून गेलेला. घाबरू नका, मी त्याला खाण्याच्या सोड्याने घासलेलं नाही. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी लेआंद्रोचा तिबेरियस घासून लख्ख केला होता. "दोन हजार वर्षांचा काळिमा हिने एका दुपारी घालवला," असं तो येईल त्या पाहुण्याला सांगायचा. पुढे चाळीस वर्षं आमच्या घरात सोडा वरच्या फळीवर राहिला, माझा हात पोचणार नाही तिथे.

बारा सम्राटांची ती लाकडी पेटी अजून जेवणाच्या टेबलावर असते. अकरा खाचांत चांदी आणि ओथोच्या खाचेत शर्टाचं एक पांढरं बटण. ते बटण कुठून आलं, ते जाऊ दे. कालिगुला खरं तर ओथोपेक्षा दुर्मीळ, पण तो लेआंद्रोला मामाकडून मिळालेला. ओथो तेवढा मिळायचा राहिला. मी तुमचा ओथो खाचेत ठेवून पाहिला. छान बसला. थोडा वेळ बघत राहिले, मग काढला आणि बटण परत ठेवलं.

बाल्दोमेरो, हे नाणं मला ठेवून घेता येणार नाही. ते तुमचं आहे, रीतसर घेतलेलं. टपालाने पाठवायचं धाडस तुमच्यात असेल, माझ्यात नाही. रविवारी चौकातल्या नाणेबाजारात या आणि घेऊन जा.

चौकातली खबर म्हणाल, तर आता मी दर रविवारी तिथेच असते. कमानीखाली कासिल्दाच्या नाण्यांच्या टेबलाशेजारी, लेआंद्रोच्या घडीच्या स्टुलावर. पहिल्या दिवशी कासिल्दाच म्हणाली, "बस इथे. तू असलीस की मी त्यातल्या त्यात तरुण दिसते." मी वाचनालयातून रोमच्या इतिहासाची पुस्तकं आणते, आणि बसल्या बसल्या गिऱ्हाइकांना सांगते. परवा एक जर्मन गृहस्थ नेरोचं नाणं निरखत होते. मी म्हटलं, "याची मान बघा. दर दोन-चार वर्षांनी जाड होत गेलीय. खाण्यावर ताबा नव्हता." ते हसले आणि नाणं ठेवून निघून गेले.

कासिल्दा कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं बाई, मला तो विकायचा होता! तू त्याची सोयरीक मोडलीस."

तुमच्या भाचीचा फोन आला होता. तुम्ही पेट्या उघडतही नाही आणि सगळा संग्रह विकून टाका म्हणता, असं म्हणाली. मी तिला म्हटलं, असं काहीतरी प्रत्येक संग्राहक हिवाळ्यात म्हणतो. पण तिचा आवाज काही मला बरा वाटला नाही.

रविवारी या.

तुमची,
एर्मिनिया

*

माद्रिद, १८ नोव्हेंबर

प्रिय बाल्दोमेरो,

तुम्ही आला नाहीत. तुमचं उत्तर मात्र आलं. सगळी मिळून एक ओळ: ‘चोरलेली वस्तू मी परत घेत नाही.’ गुडघ्याचं एक अक्षर नाही, कासिल्दाला नमस्कार नाही. निदान हवामान तरी लिहायचंत.

मागच्या पत्रात मी गोल गोल फिरत बसले. आता सरळ लिहिते.

ओथो तुमच्याकडे गेला त्या रविवारी मी चौकातच होते, खांबापाशी, तळलेल्या माकुळाचा पाव हातात घेऊन. लेआंद्रोने कासिल्दाच्या कापडावरचा ओथो कडेने धरून उचलला, डोळ्यांजवळ नेला. इतक्या वर्षांनी मिळाला होता तो त्याला. मग त्याने तो कापडावर ठेवला आणि चष्मा काढून पुसायला लागला. आणि तुम्ही नाणं उचललंत.

कासिल्दा ओरडली, "अहो, तो नुसता चष्मा पुसतोय!"

तुम्ही म्हणालात, "हातात असेपर्यंत त्याचं. कापडावर टेकलं की सगळ्यांचं. मला हा नियम शिकवला कुणी, विचारा त्याला."

त्यानेच शिकवला होता. अख्ख्या चौकाला त्यानेच शिकवला. तो म्हणाला, "घे, घे. तुझ्या टकलाला टोप हवाच होता." सगळे हसले, तुम्हीही हसलात. तो पुन्हा तुमच्याशी बोलला नाही, पुन्हा चौकातही आला नाही. लोक म्हणत राहिले, बाल्दोमेरोने मित्राच्या तोंडचा घास काढला, माणूस त्या धक्क्याने घरी बसला. तुम्हालाही तेच वाटत आलंय. त्याच्या अंत्यविधीला चर्चमध्ये तुम्ही शेवटच्या बाकावर होतात. मी वळून पाहीपर्यंत निघून गेलात.

आता ऐका. चष्मा स्वच्छ होता. सकाळी मीच पुसून दिला होता.

त्याचा हात थरथरायला लागला होता, बाल्दोमेरो. उन्हाळ्यापासूनच. घरी तो उजवा हात डाव्या हाताखाली दाबून बसायचा. त्या दिवशी नाणं धरल्यावर ते सुरू झालं. जन्मात ज्याच्या हातून नाणं पडलं नाही, त्याचा ओथो तुमच्या सगळ्यांच्या देखत चौकाच्या फरशीवर घरंगळत गेला असता. म्हणून त्याने तो खाली ठेवला. चष्मा काढला तो हाताला काहीतरी काम द्यायला. तुम्ही उचललंत तेव्हा तो चिडला, खोटं कशाला सांगू, चांगला चिडला. पण घरी जाताना मेट्रोत म्हणाला, "बरं झालं. आता न येण्याला कारण मिळालं."

मी म्हटलं, "आणि बाल्दोमेरोचं काय?"

"त्याला ओथो मिळाला ना?" म्हणाला. आणि मग हाताचं कुणाला सांगायचं नाही, अशी मला शपथ घातली. तुम्ही त्याच्याकडे कसे बघाल, याची त्याला तुमच्या रागापेक्षा जास्त भीती होती. तो होता तोवर मी शपथ पाळली. आता तुम्ही स्वतःला चोर म्हणवून घेत तिकडे बसला आहात. वर तो आणि तिकडे तुम्ही, दोघांचा हट्ट मी एकटीने किती सांभाळायचा?

ते बटणही त्याचंच. त्याला लावता न आलेलं पहिलं बटण. रागाने उपटलं, आणि मग स्वतःच हसून खाचेत ठेवलं. म्हणाला, "हा बघ आपला ओथो, टोपाविना."

पुढे त्याच्या सांगण्यावरून मीच नाणी हातात धरायला लागले. तो खुर्चीत, मी समोर. "कडेने धर. आता उलट. उजेडाकडे." असं करत अकराही जणांशी माझी ओळख झाली. खरं सांगते, आमच्या संसारातल्या चांगल्या दुपारी त्याच. तुम्ही त्या दिवशी नाणं उचललं नसतं, तर त्या मला मिळाल्याच नसत्या. तेव्हा माझ्यापुरती तरी चोरी माफ.

येत्या रविवारी अकराला मी ओथो कासिल्दाच्या कापडावर ठेवणार आहे. पेटी शेजारी उघडी असेल, ओथोची खाच रिकामी. बटण मी माझ्या कोटाला शिवलंय, ते कुणाला मिळायचं नाही. कासिल्दाला सगळं सांगितलंय. ती म्हणाली, "तो आला नाही, तर तो जर्मन येतोच आहे."

नाणं ठेवून मी हात काढून घेईन. नियम तुम्हाला माहीत आहे. उचला आणि त्याच्या पेटीत स्वतःच्या हाताने ठेवा. हात थरथरला तरी चालेल, कुणी बघणार नाही. बघितलं तर मी त्यांना नेरोच्या मानेबद्दल सांगत बसेन.

मी खांबापाशी असेन, दोन पाव घेऊन. गाडी लवकरची पकडा. आणि कृपा करून चष्मा पुसत बसू नका.

वाट बघणारी,
लेआंद्रोची एर्मिनिया