वरच्या पट्ट्या

१२ जाने. १९८८, हैदराबाद
वाद्यांचं प्रदर्शन पाहिलं. सोबत मेव्हणा दत्तू. ऑर्केस्ट्रा त्याचा, पेटी माझी. दोन हॉल भरून सिंथेसायझर!
सगळ्यात आवडला तो आवाज साठवणारा. दत्तू माइकमध्ये ‘परभणी’ म्हणाला नि मी तेच पट्ट्यांवर वाजवलं. खाली रेड्यागत, वर चिमणीगत. दत्तू हसून बेजार. मीही हसलो. पण शेवटच्या सात-आठ पट्ट्या दाबल्या तर काहीच नाही. वाटलं, मशीन बंद पडलं. दत्तू मात्र अजून हसतच होता.

१३ जाने., रेल्वेत
एको मशीनही लय आवडलं. एक सूर टाकला की चार वेळा परत येतो. तिथून हलवेना. दत्तू म्हणाला, “दाजी, लहान लेकरावानी काय करायलात?” काय सांगू? एकदा निसटला तरी पुन्हा ऐकायला...
मनगटावरचं घड्याळ कानाला लावून पाहिलं. डाव्या, मग उजव्या. पुन्हा डाव्या.

२० जाने.
अर्धी रजा. कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. बायकोला, कमलला सांगितलं, शाळेच्या कामानं जातो.
“मळ नाही, नस कमजोर झालीय. औरंगाबादला तपासून घ्या.”
“वाढत जाईल का?”
डॉ. पेनाला टोपण लावत बसले.
शाळेत संगीतच शिकवतो. दुसरं येतं काय मला?

२ फेब्रु.
दत्तूनं तसलाच सिंथेसायझर भाड्यानं आणला. तालमीला आवाजाची बटनं मी लावली. मला बरोबर वाटलं. दत्तूनं कानांवर हात ठेवले.
“दाजी, किती चिरकायलंय ते! कान फाटायलेत.”
म्हटलं, नवीन आहे, हात बसायचाय. तो हसला नाही. बघतच राहिला.

६ फेब्रु.
आज बोरीला कार्यक्रम. दत्तूला सांगावं तर दुसरा वादक बघेल. न सांगावं तर भरल्या मैदानात...
कमल आली. “दत्तू इचारत व्हता, दाजीला काय झालंय म्हणून.”
“काही नाही.”
गेली नाही. उभीच. शेवटी सांगितलं. सगळं. खाली बसली.
“औरंगाबादला कधी जायचं?”
“आज वाजवून येतो, मग बघू.”
“आन् स्टेजवर चुकलं तर?”
ती उठून गेली, मी वही काढली.
कमल परत आली. माझ्या खांद्याला हात लावून म्हणते, जीप कवाची दारात हाय, दत्तू हाका मारायलाय.