प्रोसेसरचा ताप

सूनबाई,

कुणाला खरं वाटणार नाही, पण आजच्या उन्हानं तुझ्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर इतका तापला की नुसत्या धगीवर माझा ओला रुमाल वाळला, वर इस्त्रीही झाली.

दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "आजोबा, नुसता चालू असला तर चाळीस-पन्नास अंश, जड कामाला सत्तर-ऐंशी, इतकं चालतं. नव्वदपुढे धोका." आपला सुरू होताच शंभरला टेकतो आणि बंद पडतो. खोलीतला पंखा लावला, खिडक्या उघडल्या, काही फरक नाही. दुरुस्तीवाला परवा येणार.

तुझे नकाशे त्यातच अडकलेत आणि ते उद्या सकाळी द्यायचेत. साहेबांनी या वेळी शेवटची ताकीद दिलीय, हेही माहीत आहे. मला काही सुचत नाही. मी बागेत जाऊन बसतो. जेवायला थांबू नकोस.

तुझी सासू मागून वाचतेय. म्हणते, "ऊन कसलं? घड्याळं साफ करायची तुमची जुनी खोड. प्रोसेसरवरचा पंखा काढून खालची करडी पेस्ट मळ समजून तुम्हीच पुसलीत. तिच्याशिवाय तो गार राहील कसा? त्या इस्त्रीच्या रुमालाला अजून लागलीय बघा."