रुंद केलेली पॉकेटं

प्रिय धाकट्या,

खालच्या खोलीतल्या पूल टेबलाला नवं हिरवं कापड घातलं, एवढंच फोनवर म्हणालो, कारण बाबा शेजारी कान देऊन बसले होते. कापड हे नुसतं निमित्त. खरं काम त्याच्याखाली आहे.

टेबल घरी आलं तेव्हा बाबा काय म्हणाले होते, आठवतं? “ही पॉकेटं आहेत की बादल्या? फुंकर मारली तरी चेंडू आत!” मग आपण दोघांनी टेबलाच्या कडेचे कठडे सोडवले आणि पॉकेटांच्या तोंडाशी रबराच्या पट्ट्या चिकटवून ती अरुंद केली. तू पट्टी धरायचास, मी कापायचो आणि बाबा खुर्चीत बसून दोघांच्या चुका काढायचे. तोंडात दोन चेंडू शेजारी शेजारी ठेवायचे, ते अडकले की काम पास, हा नियम त्यांचाच. त्यानंतर आपल्याकडे येऊन जिंकून गेलेला पाहुणा मला तरी आठवत नाही. चेंडू तोंडाशी खुळखुळून परत यायचा आणि बाबा मिशीतल्या मिशीत हसत म्हणायचे, “बसा, दमला असाल.”

गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला, हे तुला माहीत आहे. कप बशीवर वाजायला लागला की आम्ही सगळे खिडकीबाहेर बघायचो. मग त्यांनी खाली येणं बंद केलं. विचारलं तर म्हणे गुडघे दुखतात, जिना झेपत नाही. गच्चीचा जिना मात्र रोज झेपायचा.

ते ताईकडे राहायला गेले, तेवढ्यात मी टेबल उघडलं. एका कारागिराला बोलावलं होतं. तो म्हणाला, कठडे नवेच घ्या. त्याला चहा पाजून वाटेला लावलं. आजवर कुठलं काम मी दुसऱ्याकडून शिकलोय? आपल्या जुन्या पट्ट्या काढल्या, तेवढ्याने भागेना, म्हणून रबर आणि त्यामागचं लाकूडही तासलं. पहिल्या कोपऱ्यात फसलो. तोंड ऐसपैस झालं, तरी चेंडू आत शिरून दोन्हीकडे आपटून बाहेर. बराच वेळ डोकं खाजवल्यावर उजेड पडला: तोंड मोकळं केलं होतं, घसा तसाच अरुंद राहिला होता. मग सहाही पॉकेटांचे घसे मोकळे केले आणि वरून कापड असं ताणलं की सुरकुती शोधून दाखव.

बाबांनी शोधलीच. कापड बघायला तरी चला म्हणून खाली आणलं, तर तळवा फिरवून म्हणाले, “इथे सैल आहे.” नाहीये. पण मी गप्प बसलो, यावरून काय ते ओळख. सहज म्हणून त्यांनी क्यूची काठी उचलली. टोक थरथरत होतं. चेंडू कडेला घासला आणि आत गेला. दुसराही गेला. तिसऱ्याला त्यांनी वरच्या मजल्यापर्यंत आवाज दिला, “सूनबाई, खाली ये, म्हाताऱ्याचा हात बघ!” हात परत बसला म्हणतात, मध्ये सराव तुटला होता इतकंच. आता रोज दुपारी जेवण झालं की खाली. मला मूर्ख म्हणतात, उभं राहायची पद्धत शिकवतात. घर पुन्हा घरासारखं झालंय बघ.

आणि आता एकच घोषा: धाकट्याला बोलाव, त्याची मिजास उतरवायचीय. तू आलास की सवयीने आधी दोन चेंडू पॉकेटाच्या तोंडात ठेवून बघशील. तेवढं करू नकोस. मुद्दाम हरूही नकोस, लगेच पकडतील आणि आठवडाभर माझ्याशी बोलणार नाहीत. नीट खेळ.

परवा डावा हातही हलताना दिसला. त्याच हातावर तर क्यू टेकवायचा असतो. चेंडू पॉकेटापासून वीतभर लांब लागला. त्यांनी क्यू पुसला आणि म्हणाले, आज उजेड कमी आहे. ते वर गेल्यावर मी टेबलाखाली शिरून सगळं मोजलं. आणखी तासलं तर बोल्टच उघडे पडतील, कठडा सुटेल. आता लाकडात जागा नाही. ‘मला जमणार नाही’ असं माझ्या तोंडून तू कधी ऐकलं नाहीस, म्हणून फोनवर न बोलता लिहितोय. सवड मिळेल तेव्हा ये, असं दर वेळी म्हणतो. या वेळी तसं म्हणत नाही. त्यांचे चेंडू आत जातायत तोवर ये.

तुझाच,
दादा