डोंगरभर पसरलेलं गाव

प्रिय कुंदन,

'पिना चुकल्यात, दुरुस्त कर,' हा तुझा हुकूम पोचला. मोठा आलाय नकाशेवाला! नंदुरबारच्या प्रशिक्षणात तू तुझी धानोऱ्याची शाळा थेट गुजरातमध्ये नेऊन ठेवली होतीस आणि शेजारच्या बाकावरून मी ती परत आणून दिली होती, हे विसरलास वाटतं. पिना अजिबात चुकलेल्या नाहीत. पण ते मोबाइलवर समजावायचं तर रेंजसाठी शाळेमागच्या टेकडीवर जाऊन उभं राहावं लागतं, म्हणून हे पत्र. शिवाय दिवाळीत तू विचारलं होतंस, बदली घेऊन खाली येशील का, त्याचंही उत्तर माझ्याकडे बाकी आहे. तेही देते, जरा दम धर.

आपलं ठरलं होतं की दोन्ही शाळांच्या मुलांनी एकाच ऑनलाइन नकाशावर आपापलं गाव दाखवायचं, फोटो जोडायचा आणि खाली दोन ओळी लिहायच्या. तुझ्या मुलांनी किती शहाण्यासारखं केलं! मारुतीचं मंदिर, ग्रामपंचायत, एसटीचा थांबा, सगळ्या पिना एकमेकींना चिकटून. इकडे मी टॅबलेट हातात दिला (नंतर तो टेकडीवर नेला की पिना ऑनलाइन चढतात) आणि म्हटलं, गाव जिथे आहे तिथे पीन लावा. प्रत्येकाने ती आपापल्या घरावर लावली आणि खाली लिहिलं, 'आमचं गाव'. आधी मीही कपाळावर हात मारला. मग बाहेर येऊन नीट पाहिलं. इथे घराला घर लागून नसतंच रे. एक या टेकाडावर, आपल्या शेतात; दुसरं ओढ्यापलीकडे; तिसरं पार वर, जिथला फक्त चुलीचा धूर दिसतो. तुझ्या पोरांनी खाली विचारलंय, 'गाव नेमकं कुठंय?' त्यावर माझ्या वाहरूचं उत्तर वाच: 'जिथे जिथे पीन आहे तिथे.' घरी पावरी बोलणारं पोर शाळेच्या मराठीत इतकं नेटकं लिहितं! माझा आनंद पोटात मावेना.

चेहरे टाकायचे नाहीत, हा आपला नियम त्यांनी इतका मनावर घेतलाय की बकरीचा फोटोही मागून काढलाय. वाहरूची आजी दिवलीबाई मात्र रुसली. तोंडच दिसणार नसेल तर फोटो कशाला, म्हणे. शेवटी टोपली विणताना तिच्या हातांचा फोटो काढला, तेव्हा कुठे स्वारी खूश झाली.

आणि शनिवारी नकाशा उघडते तर शाळेखालच्या उतारावर एक नवीच पीन! माझ्या भाड्याच्या खोलीचा फोटो. दारात वाळत घातलेली ओढणी, तेलाच्या डब्यात लावलेली कोथिंबीर. खाली लिहिलंय, 'बाईंचं घर. बाई इथल्याच.' नकाशा आपल्या दोन वर्गांनाच दिसतो म्हणून ठीक, नाहीतर लगेच काढायला लावला असता. रागवायला तोंड उघडलं आणि डोळेच भरून आले. आजवर कुणी विचारलं की मी आपलं 'शहाद्याची' म्हणून मोकळी व्हायचे. ही खोली म्हणजे बदली होईपर्यंतची सोय. पोरांनी मला न विचारताच निकाल लावून टाकला, आणि खरं सांगू, मला तो फार आवडला.

कुंदन, तूही मला फार आवडतोस. लग्न करायचं तर तुझ्याशीच. पण बदली मी मागणार नाही. 'डोंगरमा कोनी संसार करस का?' असं तुझ्या आई, निर्मलाकाकू, म्हणाल्याचं तू सांगितलं होतंस, तेव्हापासून मी गप्प होते. आता विचारते. या वेळच्या बदल्यांत इकडचं अवघड क्षेत्र तू मागशील? सगळे इथून सुटायला धडपडतात, स्वतःहून येणाऱ्याला कोण नाही म्हणेल? तू नाही म्हणालास तरी नकाशा आपण पुरा करू. मी रुसणार नाही. म्हणजे, थोडी रुसेन. होकार असेल तर रविवारी ये. मोबाइलवरचा नकाशा अक्कलकुव्यापर्यंत नीट आणतो. पुढे तो डावीकडे वळायला सांगेल, वळू नकोस, तिथे रस्ताच नाही. सरळ चढ चढून ये आणि भेटेल त्याला माझं घर विचार. एकटा मात्र येऊ नकोस, काकूंना सोबत आण. त्यांना आधी घर बघू दे, मग तारीख काढू.

हे पहिल्यांदाच लिहितेय,
तुझीच,
चेतना