तुझ्या बोटीखालचे चार टायर

हेब्रन, नेब्रास्का
सोमवार, १५ जुलै

चि. हार्लन यास थोरल्या बहिणीचे आशीर्वाद.

(सहासष्टाव्या वर्षी ‘चिरंजीव’ म्हणवून घ्यायला तुला संकोच वाटेल. पण या आठवड्यात तुला त्या शब्दाची जितकी गरज आहे, तितकी आजवर कधी नव्हती.)

तुझा गुडघा बरा असेल, सकाळच्या गोळ्या तू सकाळीच घेत असशील, आणि मी ईस्टरला ठेवून आलेलं हॅम एव्हाना फेकून दिलं असशील, असं धरून चालते. आम्ही दोघं नवरा-बायको ठीक आहोत. व्हर्लिनच्या डाव्या कानात शनिवारपासून शिट्टी वाजते आहे आणि माझे हात मनगटापर्यंत जांभळे झाले आहेत. दोन्हीची कारणं पुढे येतील.

फोन का नाही केला, असं तू विचारशील. रविवारी दोनदा केला. तू फोन टेबलावर ठेवून देतोस आणि दर मिनिटाला ‘हं, ताई’ म्हणतोस, हे मला तीस वर्षांपासून माहीत आहे (मागे बेसबॉलचा सामना चालू असतो, तोही मला ऐकू येतो). काल त्या ‘हं’च्या मध्ये तू एकच पूर्ण वाक्य बोललास, ते असं : “माझे टायर आरशासारखे चकाकतायत, ताई, तू तुझं बघ.” त्या वाक्याने माझी रात्रीची झोप गेली. पत्राला नुसतं ‘हं’ म्हणता येत नाही, म्हणून पत्र लिहिते आहे. तू या शनिवारी पहाटे चाकांवरची बोट गाडीमागे जोडून मकॉनही तलावाकडे निघणार. मेलिंडा दोन्ही पोरींना घेऊन आपल्या गाडीतून तुझ्या मागे येणार, आणि बाप नजरेआड होऊ नये म्हणून अगदी चिकटून येणार. तेव्हा हे पत्र शेवटपर्यंत वाच. तोवर बोटीला हात लावू नकोस.

आमच्या ट्रेलर मंडळाचा उन्हाळी मेळावा शनिवारी कोलंबसला होता, हे तुला ठाऊक आहे. आमचा ट्रेलर, म्हणजे व्हर्लिनचं चाकांवरचं घर, वर्षातले अकरा महिने शेडमध्ये उभा असतो. बारा वर्षांत तो चार हजार मैलही चालला नसेल. त्यामुळे टायरांची नक्षी दुकानातून आणल्यासारखी आहे, आणि त्या नक्षीचा व्हर्लिनला पोटच्या पोरासारखा अभिमान आहे. निघण्याआधी तो खिशातून एक सेंटची पेनी काढतो, उलटी धरून टायरच्या खाचेत घालतो आणि तिच्यावरच्या लिंकनचं डोकं किती आत गेलं ते बघतो. डोकं बुडालं की तो उठतो, गुडघे झाडतो आणि ‘अजून पन्नास हजार मैल’ असं जाहीर करतो. हा विधी चारही टायरांना होतो. शनिवारीही झाला. चारही वेळा लिंकन भुवयांपर्यंत बुडाला.

आम्ही साडेनऊला निघालो. दहालाच उन्हाने शंभरी गाठली होती. मंडळाचं जेवण बाराला, आणि जेवणाआधी सर्वांत नीटनेटक्या ट्रेलरला निळी रिबन द्यायची असते, म्हणून उशीर करून चालणार नव्हतं. ट्रेलरमध्ये माझ्या ओट्याखालच्या कपाटात बीटाच्या लोणच्याच्या चौदा बरण्या होत्या, मागच्या ऑगस्टच्या. प्रत्येक झाकणावर भरल्याची तारीख लिहिलेली होती. (तारीख नसलेली बरणी माझ्या घरात दुसऱ्या दिवशी राहत नाही. एकतीस वर्षं शाळेत गृहशास्त्र शिकवलं, त्यात मुलींच्या डोक्यात दुसरं काही शिरलं नसेल तरी एवढं शिरलं असेल.)

यॉर्कच्या अलीकडे बारा मैलांवर बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला. व्हर्लिन म्हणाला, “कोणीतरी शिकार करतंय.” जुलै महिन्यात, हमरस्त्यावर. मग ट्रेलर डावीकडे ओढू लागला, मग उजवीकडे, आणि आरशात मला काळी, हातभर लांब पट्टी हवेत उडताना दिसली. उजवीकडचा मागचा टायर फुटला होता. फुटला म्हणजे तुला वाटेल हवा गेली. तसं नाही. त्याची साल सुटते आणि ती साल चाकासोबत साठ-पासष्टच्या वेगाने चाबकासारखी फिरते. त्या चाबकाने चाकावरचा पत्रा फाडला, ट्रेलरची जमीन फोडली, मोरीचा पाइप तोडला आणि कपाटात शिरून बरण्या गाठल्या. (बरण्या ओट्याखाली, ओटा चाकावर. ही रचना ज्याने केली त्याने आयुष्यात कधी काही वाढलेलं नसावं.)

व्हर्लिनने गाडी कडेला घेतली. ती त्याने चांगली घेतली, हे मी लिहून देते, कारण मी त्याच्याविषयी या पत्रात बरंच लिहिणार आहे. मी उतरून मागे गेले, तर ट्रेलरखालून लाल ओघळ निघून डांबरावर पसरत चाललेला, आणि आमच्यामागे एक छोटी निळी गाडी तिरकी उभी राहिलेली. तिच्या काचेवर डावीकडून उजवीकडे कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे. गाडीतून एक तिशीची मुलगी उतरली. ती त्या लाल ओघळाकडे बघत होती. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, “आत किती जण होते?”

व्हर्लिन तेवढ्यात कपाटात डोकावून आला होता. त्या आवाजाने त्याच्या कानात शिट्टी चालू होती आणि डोक्यात फक्त बरण्या होत्या. तो म्हणाला, “चौदा. दोनच शाबूत.”

ती मुलगी रस्त्यातच खाली बसली. मला तिला हाताला धरून ट्रेलरच्या दाराशी न्यावं लागलं आणि मनगटापर्यंत हात घालून बीट काढून दाखवावं लागलं, तेव्हा कुठे तिचा रंग परत आला. तोपर्यंत तिने पोलिसांना फोन केला होता. त्यामुळे वीस मिनिटांनी शेरीफचा एक माणूस आला, लाल डबक्यापाशी उभा राहिला, टोपी काढली, आणि मग वास आल्यावर परत घातली.

हे तू हसत वाचत असशील. हसून घे. आता पुढचं वाच.

ती काच आमच्या टायरच्या सालीने फुटली होती. साल बरोबर उजव्या बाजूच्या सीटसमोर आदळली होती. त्या सीटवर कोणी नव्हतं. मागे लहान मुलाची खुर्ची बांधलेली होती आणि तिच्यात दीड वर्षाची एक मुलगी तोंडात बिस्किट धरून माझ्याकडे बघत होती. मी तिच्या आईला विचारलं, “इतक्या जवळून का चालवत होतीस?” (माझा स्वर तुला माहीत आहे.) ती म्हणाली, “रस्ता माहीत नव्हता. तुम्ही कोलंबसलाच चाललाय असं वाटलं, म्हणून तुमच्यामागे राहिले.”

आम्ही तुला फोन लावला. तू उचलला नाहीस. (नंतर कळलं, तू अंगणातल्या बोटीत झोपला होतास. पाण्याबाहेरच्या बोटीत माणूस कशासाठी झोपतो, हे मी आज विचारत नाही.) शेवटी यॉर्कहून गाडी ओढणारा ट्रक आला. त्यातून उतरली डार्ला व्हर्ब्का. १९९४ साली तिने माझ्या वर्गात पांढरा सॉस तीनदा करपवला होता. आता तिचं स्वतःचं टायरचं दुकान आहे. तिने मला ओळखलं, फुटलेल्या चाकाकडे बघितलं आणि म्हणाली, “बाई, हे केव्हाचे?”

व्हर्लिनने पेनी काढली. डार्लाने ती त्याच्या हातातून घेतली आणि त्याच्याच खिशात परत घातली. इतकं सौम्यपणे की त्याला राग येईना. मग ती उरलेल्या तीन टायरांपुढे एकेक करून गुडघ्यावर बसली. एकाच्या बाजूला अंड्याएवढा फुगवटा आला होता. दुसऱ्याच्या कडेने तिने फडकं फिरवलं, तर खाली भेगांची जाळी निघाली, दुष्काळातल्या तळ्याच्या तळासारखी. ती म्हणाली, “नक्षीचं काय घेऊन बसलात, बाई? ट्रेलरचा टायर झिजून मरत नाही. उभ्या उभ्या म्हातारा होतो. रबर आतून वाळतं, वरून कळत नाही. मग एखाद्या उन्हाच्या दिवशी ओझं चढतं, आणि जातो.” मग तिने टायरच्या बाजूवर, अक्षरांच्या शेवटी, एका लंबगोलात कोरलेले चार आकडे बोटाने दाखवले : २३०९. म्हणजे २००९ सालचा तेविसावा आठवडा.

“पंधरा वर्षं,” डार्ला म्हणाली. “पाच-सहाच्या पुढे मी माझ्या शत्रूलाही लावू देत नाही. तारीख इथेच असते, बाई. तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला, की झाकणावरची तारीख बघितल्याशिवाय बरणी उघडायची नाही?”

हार्लन, मी चौदा बरण्यांवर तारखा घातल्या आणि ज्याच्यावर त्या बरण्या चालल्या होत्या त्याची तारीख बारा वर्षांत एकदाही वाचली नाही. डार्लालाही कळलं असावं, कारण तिने विषय बदलून पांढऱ्या सॉसविषयी विचारलं.

आता तुझं. २०१२ साली व्हर्लिनने बंद पडलेल्या एका दुकानाच्या लिलावात एकाच गठ्ठ्यातले आठ टायर घेतले. चार आमच्या ट्रेलरला लागले. उरलेले चार लाल फीत बांधून नाताळात तुझ्या अंगणात ठेवले होते. तू डोळे पुसत म्हणालास की असा अहेर आजवर कोणी दिला नव्हता. ते चार अजून तुझ्या बोटीखाली आहेत. आमच्या चारांतला एक गेला. तुझे चारही त्याचे सख्खे भाऊ आहेत, त्याच आठवड्यात जन्मलेले. तू हमरस्त्यावर पंचाहत्तरने जाणार, उन्हात, साडेतीन तास. आणि मागे, दोन गाड्यांचं अंतर न सोडता, मेलिंडा आणि त्या दोघी. त्या दोघींपैकी एक पुढच्या सीटवर बसण्यासाठी भांडते, आणि बहुतेक वेळा जिंकते.

शुक्रवारी सकाळी सातला डार्ला तुझ्याकडे चार नवे टायर घेऊन येईल. तिला परत पाठवू नकोस. ‘मग बघू’ म्हणू नकोस. तिला कॉफी दे आणि बाजूला हो. (पांढरा सॉस करपवत असली तरी हे काम तिला येतं.) मेलिंडाला सांग की तुझ्यामागे निदान दहा गाड्यांचं अंतर ठेवायचं. रस्ता चुकली तर चुकू दे. तलाव जागेवरच असतो.

मेळाव्याला आम्ही ट्रेलर डार्लाकडे सोडून, आमच्या गाडीच्या पुढच्या सीटवर, दोन बरण्या मांडीवर घेऊन, दीड वाजता पोचलो. निळी रिबन दुसऱ्यांना गेली. जेवताना सगळ्यांनी व्हर्लिनला पेनीवरून हवं तितकं चिडवलं. त्याने बटाट्याचं सॅलड खात सगळं ऐकून घेतलं. मीही त्यात एक-दोन वाक्यं घातली.

प्रकृतीला जप. पाणी पीत जा. मेलिंडाला आणि पोरींना आशीर्वाद.

तुझी,
लोरीन

ता. क. वाचलेल्या दोन बरण्यांपैकी एक डार्लाच्या हाती पाठवते आहे. उघडण्याआधी झाकण बघ.

दुसरा ता. क. वरचं पत्र मी पुन्हा वाचलं. त्यात सगळं खरं आहे, पण सगळं नाही. रिबनच्या परीक्षणात काळ्याभोर टायरांना पाच गुण असतात, करड्यांना शून्य. म्हणून मी दर एप्रिलमध्ये आमच्या टायरांना काळं पॉलिश लावते. या एप्रिलमध्ये लावताना मला भेगा दिसल्या होत्या. मी त्यांत पॉलिश जरा दाबून भरलं. व्हर्लिनला बोलले नाही. शनिवारी त्याला सगळे हसत होते तेव्हाही बोलले नाही.

तिसरा ता. क. हे सर्वांत आधी लिहायला हवं होतं. मेच्या शेवटी आईच्या थडग्यावर फुलं ठेवायला आले होते, त्या दुपारी तू बोटीत झोपला होतास. तुझे टायर मला फार मळकट वाटले. माझ्या डिकीत पॉलिश होतं. तू वर घोरत होतास आणि मी खाली बसून चारही टायर काळे केले. तुला वाटतं ते चांगले आहेत म्हणून चकाकतात. ते मी चकाकवले आहेत. त्यांना भेगा होत्या की नाही ते मला आठवत नाही, कारण मी बघत नव्हते. हार्लन, तुझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नकोस. माझ्या हातावर तर मुळीच नको. शुक्रवारी सातला दार उघड.

(पाकिटाच्या आत, पेन्सिलीने) : हार्लन, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं होतं, म्हणून लिहितो. तिने एप्रिलमध्ये भेगांत पॉलिश भरलं ते मी शेडच्या खिडकीतून बघितलं होतं. भेगा मलाही दिसल्या. काही बोललो नाही. रिबन मलाही हवी होती. सोबत पेनी ठेवतो आहे. आता ती मला नको. टायर बदल. — व्हर्लिन