दुसऱ्या कॅमेऱ्यातला फोटो

सौ. निकिता,

नवं आडनाव मुद्दाम लिहीत नाही. हे पत्र पाठवणारही नाही.

तुझ्या लग्नाची ऑर्डर मी हट्टानं घेतली. पिंपळगावात दुसऱ्या कुणी तुझे फोटो काढलेले मला सहन झाले नसते. शेवटचं मंगलाष्टक चालू असताना माझा मोठा कॅमेरा बंद पडला. आपलं जमलेलं होतं तेव्हा तूच मागे लागायचीस, "खंडू, जवळ दुसरा कॅमेरा ठेवत जा. लग्न काय परत लागणारे का?" तो गळ्यात होता, म्हणून अंतरपाट बाजूला झाला तो क्षण मिळाला. तुझा भूषण हसत म्हणाला, "भाऊ, वाचवलंत!" त्याचं ते हसणं अजून डोक्यात जातं.

अंतरपाट सरकताच तू मान वर केलीस. मला वाटलं, माझ्याकडेच बघितलंस. त्याच आनंदात मी वरातीपर्यंत राबलो.

आज अल्बमसाठी फोटो मोठा करून पाहिला. तू त्याच्याकडे बघतेयस. माझ्याकडे असं कधीच बघितलं नव्हतंस. आणि पहिल्या पानावर तोच लावावा लागणार, कारण सगळ्यांत चांगला तोच आलाय.

तुझं ऐकायला नको होतं. दुसरा कॅमेरा नसता, तर तू माझ्याकडे बघितलंस असं मी जन्मभर धरून चाललो असतो.

तुमचा फोटोवाला,
खंडू