पंचवीस मिनिटांचं लग्न

८ जानेवारी, बुधवार

आईनं समीक्षाला तोंडावर नाही म्हणून सांगितलं! चहासुद्धा विचारला नाही.

समीक्षा म्हणजे तलावापलीकडच्या सोसायटीतली. तिच्या ग्रुपनं १७ ते १९ तलावाकाठचा रस्ता बंद करून जत्रा ठरवलीय. हातानं केलेल्या वस्तू, खाणं, गाणी. स्टेजवर तिला धवलारीण हवी. कोणीतरी आईचं नाव दिलं.

"आंटी, तुमची ट्रॅडिशनल वेडिंग साँग्ज आता कुठे ऐकायलाच मिळत नाहीत. आपण ती प्रेझेंट करूया."

आई म्हणाली, "लगीन कोनाचा हाय?"

लग्न नाहीये, प्रोग्राम आहे.

"मंग मी कशाला येऊ?"

आईचं एका अर्थी बरोबर आहे. आमच्या आगऱ्यांत धवलारीण धवळे गाते म्हणजे नुसती गात नाही, लग्न लावते. एकेका देवाला नाव घेऊन मांडवात बोलवायचं, बसवायचं, नवरानवरीची नावं त्यांच्या कानावर घालायची, मग मानानं परत पाठवायचं. आईनं पनवेल-उरणात चारेकशे लग्नं लावली असतील. शेवटचं तीन वर्षांपूर्वी. आता भटजी असतो, डीजे असतो, दोन वाजता हॉल रिकामा करायचा असतो.

१० जानेवारी, शुक्रवार

समीक्षा परत आली. चिवट आहे पोरगी. म्हणाली, खोटे खोटे नवरानवरी बसवू. हळद, मुंडावळ्या, सगळं करू. फक्त वीस मिनिटं.

आई म्हणाली, "बसवा."

मी उडालेच. जेवताना विचारलं, अशी कशी तयार झालीस?

"गल्यान सडतात ती."

ती म्हणजे धवळे. न गाता गळ्यात राहिलेले.

१३ जानेवारी, सोमवार

आई भांडी घासताना गाते. मधेच अडते. परत पहिल्यापासून. त्र्याहत्तर वर्षांची आहे, आवाज अजून खणखणीत. मी शिकले नाही. कारण असं काही नाही — शाळा, मग नोकरी, मग राहूनच गेलं. लग्नासारखंच.

ऑफिसच्या बसचा ड्रायव्हर जगन म्हणाला, जत्रेत पोपटीचा स्टॉल लावतोय. मी म्हटलं, बरं. जासईच्या कंटेनर यार्डात मी गेटपास सेक्शनला, आणि नऊ वर्षं याच्याच बसनं जाते. नऊ वर्षांत आमचं बोलणं एवढंच — आज उशीर झाला, फाट्यावर ट्रॅफिक आहे, उद्या सुट्टी. त्या मानानं आज भाषणच झालं.

१७ जानेवारी, शुक्रवार

ऑफिसहून परस्पर जत्रेत. गर्दी बरी होती. क्रोशाची कानातली, साबण, गोधड्या, मातीचे कप. मोमोच्या शेजारी तांदळाची भाकरी आणि सुकट. एका कोपऱ्यात एक मुलगा गिटारवर हिंदी गाणी म्हणत होता, पुढे त्याचेच मित्र बसलेले.

कर्नाळ्याकडची शुक्री बांबूची सुपं घेऊन आलीय. बाईमाणूस जबरदस्त. एक मॅडम विचारत होत्या, हे धुता येतं का? भिंतीवर लावायचंय. शुक्री म्हणाली, "पाखडायचं सोडून धुताय कशाला त्याला?" मॅडमनी दोन घेतली. मी एक घेतलं. आमच्याकडे आधीच तीन आहेत! आई बोलणार.

जगनच्या स्टॉलला धूर. भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी — सगळं मडक्यात ठासून, मडकं उलटं, वर पेंढा पेटवलेला. कोपरापर्यंत राख. कागदात घालून पोपटी दिली. मी म्हटलं, मीठ कमी आहे.

"उद्या घालतो," म्हणाला.

१८ जानेवारी, शनिवार

मीठ बरोबर होतं.

१९ जानेवारी, रविवार

लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

पाच वाजता आई हिरवं लुगडं नेसून तयार. सोबत वाटलेली हळद, तांदूळ, नारळ. स्टेजच्या मागे समीक्षानं नवरानवरी उभे केलेले. हृतिक आणि हेतल. कॉलेजची मुलं, भाड्याचे कपडे, हौस दांडगी. आई सवयीप्रमाणे चौकशी करू लागली. घर कोणतं, आईबाप कोण. हेतल म्हणाली, "आजी, आम्ही दोघं सेम घरातले. हा माझा ब्रदर आहे."

आईनं हळदीची वाटी खाली ठेवली!

"भाव-बहिनीचा लगीन लावू?"

समीक्षा म्हणाली, आंटी, जस्ट अ‍ॅक्टिंग आहे. आई म्हणाली, "देवांना कोन सांगल? तू?" आणि निघालीच. समीक्षा रडायच्या बेतात. पुढे खुर्च्या भरलेल्या, निवेदकानं नाव पुकारलेलं. मग समीक्षानं माझा दंड धरला — "रोहिणीताई, तुम्हीच बसा ना! प्लीज!" नवऱ्यासाठी इकडे तिकडे बघितलं तर समोर जगन, मडकं फोडत होता. त्यालाही ओढून आणला.

मी नाही म्हणणार होते. पण आईकडे बघितलं. पिशवी घट्ट धरून उभी होती. आता घरी गेली तर परत कधी गाणार नाही, हे मला लख्ख दिसलं.

आईनं जगनला विचारलं, "कोनचा तू?" त्यानं गाव सांगितलं, कूळ सांगितलं. आईनं बोटांवर काहीतरी मोजलं. "चालल." जगननं पॅंटला हात पुसले आणि पाटावर येऊन बसला.

आईनं दोघांना हळद लावली. चव्वेचाळिसाव्या वर्षी मला पहिल्यांदा हळद लागली. मी स्टेजच्या पाइपाकडे बघत बसले. समोर सगळे मोबाइल वर करून. मग आईनं सूर लावला — "डोंगरीच्या देवा, खाडीच्या देवा, मांडवान ये..." आणि मोबाइल हळूहळू खाली आले. शुक्री तिचा स्टॉल सोडून पुढे येऊन बसली होती. आई एकेकाला बोलवत होती. घाई नाही. नाव घेतल्यावर थांबायची, जणू तो चप्पल काढतोय.

पंचवीस मिनिटं झाली. समीक्षा हातवारे करते, आई बघतच नाही. तेवढ्यात प्रमुख पाहुणे आले, मागे बॅंडवाले ड्रम लावू लागले, आणि माइक बंद! आई तशीच गात राहिली. दोन ओळी. लोकांना वाटलं संपलं, टाळ्या सुरू झाल्या. टाळ्यांत आई थांबली.

तिला ट्रॉफी आणि एक रोप दिलं. रिक्षात ती डोळे मिटून बसली. मला वाटलं, दमली असेल.

२० जानेवारी, सोमवार

हॉलमध्ये पाट मांडलाय. वर तांदूळ, शेजारी दिवा.

"देव बसल्यान, पाठवायचा राहिला," आई म्हणाली.

ऑफिसात व्हिडिओ पोचलाय. गेटपासच्या खिडकीतून ट्रकवाले 'रोहिणी मॅडम, अभिनंदन' करतायत! जगन समोर बघून बस चालवतो. मी खिडकीबाहेर बघते.

२२ जानेवारी, बुधवार

समीक्षाचा फोन. "आंटी, लोकांना इतकं आवडलं! नेक्स्ट इयर फुल करूया." आई म्हणाली, "वरीसभर बसवून ठेवू त्यांना? पाहुन्याला घरान बोलवायचा नि पानी नाय द्यायचा?" समीक्षाला काही कळलं नसावं. सॉरी आंटी, सॉरी आंटी करत राहिली.

टीव्ही बंद आहे. आई खुर्चीत बसत नाही. देव खाली आणि आपण वर कसं बसायचं, म्हणते.

२४ जानेवारी, शुक्रवार

आज भांडले. अर्धी भाकरी खाऊन उठली म्हणून. मी ओरडले, आई, ते नाटक होतं! सगळ्यांना माहीत होतं नाटक आहे ते!

"तुमचा नाटक व्हता. मी खराच बोलावला."

मग तू एकटी पुरं कर ना. म्हण इथे बसून, आणि पाठव त्यांना.

"नवरानवरी पायजे. ज्यांना हलद लागली तीच दोघां."

मी ताट आपटलं. नंतर वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. आई स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती आणि सुपात तांदूळ निवडत होती, निवडलेलेच. पण मी जगनला काय सांगू? की चल, आमच्याकडे देव अडकलेत?

२७ जानेवारी, सोमवार

सांगितलं. म्हणजे त्यानंच विचारलं. संध्याकाळी बसमध्ये मी शेवटची उतरणारी. म्हणाला, "धवलारीण बाय बरी हाय ना? त्या दिवशी गाना तोडला त्यांनी. माज्या आयेसमोर कोनी असा केला असता तर तिनी चप्पलच काडली असती."

मग मी सगळं सांगून टाकलं. पाट, तांदूळ, अर्धी भाकरी. तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही.

"मंग पुरा करू की. रविवारी येतो."

मी म्हटलं, तुमच्या घरी कोणी काही म्हणेल.

"कोन म्हननार? घरान मी नि मांजर."

त्याची बायको जाऊन आठ वर्षं झाली. मला माहीत होतं. तेव्हा बसमध्ये वर्गणी काढली होती, मीही दिली होती. पण त्याला त्याबद्दल एक शब्द कधी विचारला नाही. का नाही विचारला, कोण जाणे.

२९ जानेवारी, बुधवार

आई आज पोटभर जेवली. रविवारचं सांगितल्यापासून गाते आहे.

३१ जानेवारी, शुक्रवार

काही विशेष नाही. फाट्यावर पाऊण तास ट्रॅफिक. जगन म्हणाला, मांजरीचं नाव राणी आहे. मी म्हटलं, सगळ्यांच्याच मांजरीचं असतं. बराच वेळ हसत होता. एवढं हसण्यासारखं नव्हतं.

१ फेब्रुवारी, शनिवार

आईनं समोर बसवून घेतलं. म्हणाली, आता जे राहिलंय त्यात नावं येतात. नवऱ्याचं, नवरीचं. ती देवांच्या कानावर घालायची, मग त्यांना सोडायचं.

"खोटी नावा घातली तर खेल. खेल संपला, देव गेलं, तुमी मोकली. खरी घातली तर लगीन लागला. मंग ते कागदपत्र कवा करायचा तवा करा, माज्यासाटी लागला."

मी म्हटलं, खोटीच घालायची, त्यात विचारण्यासारखं काय आहे?

"मी काय बोलले? मी इचारीन, तू सांगशील ते घालीन."

लोक आईला काय काय बोलले एवढ्या वर्षांत. दिव्याखाली अंधार, गावाची लग्नं लावते आणि स्वतःची पोरगी तशीच. मांडवातसुद्धा बोलायचे, तिच्या देखत. तिनं घरी येऊन मला कधी ऐकवलं नाही. आज विचारलंच तिला — तू मला लग्नाचं एकदाही का म्हणाली नाहीस?

"तुला नको व्हता. नको त्याला काय म्हनायचा?"

मला रडू आलं. का ते लिहीत नाही. मला नको होतं हे खरं आहे. म्हणजे तेव्हा खरं होतं.

असो. मी कुमुद सांगणार. सुचलं तेच. जगनला फोन करून सांगितलं, तुम्हीही काहीतरी वेगळं नाव सांगा, म्हणजे भानगड नको. "काशिराम सांगतो," म्हणाला. मग म्हणाला, "जसा तुमी म्हनाल तसा." फोन ठेवल्यावर दहा मिनिटं नुसती बसून होते.

२ फेब्रुवारी, रविवार

आईनं आधी जगनला नाव विचारलं. तो म्हणाला, जगन. आणि खाली बघत राहिला.

मग माझ्याकडे वळली. मी म्हटलं, रोहिणी.

तिला नीट ऐकू आलं होतं. तरी म्हणाली, "परत सांग."

परत सांगितलं.